खोकल्याचं कडवं

सीएनजीची रांग हलत नव्हती. मी रिक्षातून उतरून पुढच्या टेम्पोच्या सावलीत उभा राहिलो. आत नवरा-बायको होते आणि कोकणातल्या जाखडी नाचाचं गाणं लागलं होतं.

“अहो, पालीपासून बघत्ये. गाणं चालू असताना मधेच तुम्ही काच वर घेता.”

“धूळ येते.”

“आता गाडी उभीच आहे. आत्ताही घेतलीत. गाण्यात कोणतरी खोकतं, की लगेच काच.”

“बाबा ते.”

“आपले बाबा?”

“हां. वाडीच्या जाखडीचं रेकॉर्डिंग त्यांच्याच मोबाईलवर केलेलं नि मोबाईल त्यांच्या खिशात. म्हणून बुवापेक्षा खोकलाच मोठा.”

“दुसरं चांगलं रेकॉर्डिंग नाही?”

“वाडीतल्या विनोदने स्टुडिओतलं दिलंन. ते लावलं की घाटात झोप येते मला.”

“आणि काच?”

“बाबा तिथेच बसायचे, तू बसल्येस तिथे. वारा लागला की खोकायचे. खोकले की मी काच लावायचो. अजून हात जातो.”

“पण तुम्ही तुमच्या बाजूची लावता. वारा तर इकडूनही येतो.”

“त्यांची त्यांनी कधी लावू दिली नाही. बाहेर बघायचं असायचं.”

“मला ते बघायलाच मिळाले नाहीत.”

“लग्न वर्षभर आधी झालं असतं तर मिळाले असते.”

“लावा परत ते गाणं.”

ढोलकी सुरू झाली. बुवाने दोन कडवी म्हटली. मग कुणीतरी मोठ्याने खोकलं आणि टेम्पोच्या दोन्ही काचा वर गेल्या. पुढचं मला काही ऐकू आलं नाही.