भिंतीपल्याडचं गरम पाणी

माहा जन्म जवळा बाजारापासून दोन कोसावरच्या खेड्यातला, आमी बौद्धवस्तीतले, बाप बाजारात कापसाच्या गाठी उचलायचा आन् माय लोकाच्या वावरात खुरपायची. मी लहानपणापासून भेकड. पोरं विहिरीत उड्या मारायची तवा मी काठावर बसून त्यायचे कपडे राखायचो. बाप म्हणायचा, हे पोरगं पोटातूनच दचकून आलं, त्याच्यानं गाठी उचलणं व्हायचं न्हाई, ह्याला शिकवा. मग हिंगोलीला आयटीआयला घातलं, फिटर झालो, आन् नव्वद सालानंतर इकडच्याच एका साखर कारखान्यात लागलो. नाव नका लिहू कारखान्याचं, नावाला काय करायचं.

काय सांगू तुम्हाला, मला कामबी माह्या भेकडपणाचंच भेटलं. कारखाना चालतो वाफेवर. बॉयलरमधून निघालेली वाफ लांब लांब पाइपातून जाती, जाता जाता थंडावली की तिचं पाणी होतं, आन् ते पाणी पाइपात साचू द्यायचं न्हाई, कारण मागून येणारी वाफ त्या पाण्याला ढकलती, मग पाइप आतून घणानं हाणल्यागत दणाणतो, फुटतोबी. म्हणून जागोजागी स्टीम ट्रॅप असतो. मुठीएवढं लोखंड, आत एक चकती, पाणी आलं की बाहेर सोडतं आन् वाफ आली की तोंड मिटून घेतं. माहं काम म्हणजे रोज सकाळी एकेक ट्रॅप तपासायचा. आमचे वस्ताद चाचा, त्यायनी शिकवलं, पेचकसाचं, म्हणजे स्क्रू-ड्रायव्हरचं, टोक ट्रॅपवर ठेव, मूठ कानाला लाव आन् ऐक. टक, मग थांबून टक, म्हणजे बराबर. नुसतं सूंऽऽ चालू असलं तर चकती बसून न्हाई राहिली, वाफ सुटली. चाचा म्हणायचे, बेटा, जो डरता नहीं वो सुनता नहीं.

मी तर घरीबी ऐकायचो. मंडळीनं कुकर लावला की मी उठून सयपाकघरात, शिट्टी वेळेवर झाली न्हाई तर जीव खालीवर. ती म्हणायची, अवो, वरण शिजून राहिलं, बॉम्ब न्हाई. पोरीला ताप आला तरी मी तिच्या छातीला कान लावून बसायचो. असा सोभाव, काय करता.

तर एका लायनीच्या शेवटचा ट्रॅप कंपाऊंडच्या भिंतीला लागून व्हता. बाकीच्या ट्रॅपचं पाणी परत बॉयलरच्या टाकीत जायचं, पण तिथून टाकीपर्यंत पाइप नेलाच नव्हता कोणी, म्हणून त्याचं पाणी भिंतीतून पल्याड नालीत सोडलेलं. पल्याड ऊसतोडवाल्यांच्या कोप्या, पाचटाच्या झोपड्या. थंडीच्या दिसात फुकट गरम पाणी, कोण सोडंल? बाया पहाटंपासून बादल्या लावायच्या. साहेब लोकाला ठावं नव्हतं, मला ठावं व्हतं. माह्या मनात धाकधूक, पण माह्या मायनंबी दुसऱ्याच्या वावरातून सरपण वेचून आमाला न्हाऊ घातलेलं, मी कोणत्या तोंडानं नको म्हणू?

त्या साली गयाबाई म्हणून एक म्हातारी आली, सेनगावकडची. तिची सून कोपीतच बाळंत झाली. म्हातारी रोज दोन बादल्या न्यायची, एक लेकराला, एक बाळंतिणीला. मला म्हणायची, बापू, तुह्या कारखान्याच्या पाण्यानं माहा नातू कसा गुबगुबीत झाला, ये पाहायला. मी गेलो न्हाई. लहान लेकराला हात लावायची मला भीतीच वाटती.

एका सोमवारी त्या ट्रॅपला कान लावला तर सूंऽऽ. चकतीखाली कचरा बसला असंल. तेवढा व्हॉल्व बंद करून दहा मिनिटात साफ झाला असता, पण व्हॉल्व बंद करायला शिफ्टच्या साहेबाला इचारावं लागतं, आन् तो इचारणार की हे पाणी जातं कुठं, आन् मग तो भोकच बंद करणार. दोन दिसानं, बुधवारी, साफसफाईला कारखाना बंदच राहणार व्हता. म्हणलं तवा करू, कोणाला कळायचंबी न्हाई. भिंतीवरून बायाला वरडून सांगितलं, बादली ठेवा आन् लांब सरका. त्या हो म्हणाल्या. दोन रात्री मला झोप न्हाई, डोळा लागला की सूं ऐकू यायचं, तरी मी साहेबाकडं गेलो न्हाई.

बुधवारी सकाळी, कारखाना बंद व्हायच्या तासभर आधी, भिंतीपल्याडून वरडणं ऐकू आलं. म्हातारी बादली सरळ करायला वाकली आन् पाण्याबरोबर वाफेचा झोत आला. गुडघ्याखाली सगळा पाय. मी गेटाबाहेरून पळत गेलो, थंड पाणी टाकलं, जीपमधी घालून दवाखान्यात नेलं. तिथं साहेब आले, इचारलं, मावशी, कसं झालं? मी शेजारीच उभा. म्हातारीनं माह्याकडं पाहिलंबी न्हाई. म्हणाली, चुलीवरचं पातेलं उलटलं साहेब, माहीच चूक. साहेबानं कागदावर तसंच लिहिलं. आन् मी तोंड उघडलं न्हाई.

आठ दिस गेले. मग मीच साहेबाकडं गेलो, म्हणलं हे पाणी वाया जातं, टाकीत घेऊ. साहेब खूश. वेल्डर आला, भिंतीतला पाइप कापला, तोंडावर पत्रा मारला. म्हातारी पायाला फडकं बांधून कोपीच्या दारात बसलेली, नातू मांडीवर. मी तिच्या म्होरून मान खाली घालून चाललो तर तिनं हटकलं. म्हणाली, मी खोटं बोलले ते ह्या पाण्यासाठी रे बापू, तुह्यासाठी न्हाई.

भाजलं तर माह्यानं, बंद केलं तेबी मीच. मंडळी म्हणती, बरं केलं, उद्या एखादं लेकरू भाजलं असतं. चाचाबी तेच म्हणले. खरं असंल. पण त्या थंडीत म्हातारी लंगडत सरपण वेचायची, ते मी भिंतीवरून पाहायचो. दुसऱ्या साली ती टोळी आली न्हाई.

आता कानाला कमी येतं, नवीन पोरं मशीन लावून ट्रॅप तपासतात. नातू असंल आता बापाएवढा, म्हातारी हाय का न्हाई कोणाला ठावं. असंल तिथं सुखी राहो. मी कधी कोणाला हे सांगितलं न्हाई, मंडळीलाबी पुरं न्हाई. तुमी लिहून घेऊन राहिले तर एवढं बराबर लिहा, चुलीवरचं पातेलं उलटलं नव्हतं. ट्रॅप खराब व्हता, आन् मला सोमवारपासून ठावं व्हतं.