आठची व्हॅन

मेक्सिकोत, समुद्रकाठच्या तुलुमला व्हॅनच्या रांगेत पेंगणाऱ्या एल्मीला पुढच्या दोघी बहिणींचं बोलणं ऐकू आलं. दोघी हॉटेलातल्या सफाईच्या गणवेशात होत्या.

"ताई, पाठीवर बॅग घेतलेली एक पोरगी विचारते, इथली ती जुनी देवळं बांधणारे माया लोक गेले कुठे?"

"मग?"

"म्हटलं, तुझी चादर बदलतायत."

"बरं केलंस. नेयदी, पाय फार ठणकतायत गं."

"समुद्रात बुडव की."

"अकरा वर्षं झाली इथे. एकदाही उतरले नाही."

"एकदाही नाही?"

"कधी उतरू? सहाची चुकली की थेट आठची."

"आली बघ सहाची. चढ."

"तू हो पुढे. मी आठच्या व्हॅनने येते."

"थांब, मीपण येते."

एल्मीला बसायला जागा मिळाली. खिडकीतून दोघी दिसल्या, लंगडत किनाऱ्याकडे निघालेल्या.