नव्या ट्रॅक्टरची पूजा

येवल्याच्या एसटीत सुमनताई खिडकीशी बसल्या होत्या. त्यांच्या लहानपणी वाढदिवस म्हणजे औक्षण आणि वाटीभर शिरा. पुढच्या बाकावर अनोळखी सासू-सून होत्या. त्यातली सून मात्र भाच्याच्या वाढदिवसासाठी घरी केलेला ट्रॅक्टरचा केक मांडीवर घेऊन निघाली होती. तिनं खोकं उघडलं आणि ती शेजारी बसलेल्या सासूकडे वळली.

“आई, बॉनेटवर हे लाल काय?”

“कुंकू. नवी गाडी बिनपूजेची कशी घराबाहेर काढायची?”

“अहो, केक आहे तो! खायचाय!”

“मग हळदीकुंकवानं कोण मेलंय?”

“आणि मागचं चाक?”

“चाकाखाली लिंबू ठेवून गाडी जरा पुढं ढकलली. लिंबाला काही झालं नाही, चाकच निखळलं.”

“कुठाय ते?”

“तुझ्या सासऱ्यांनी खाल्लं. दुसरंही मागत होते. मी हातावर चापट मारली.”

“देवा! ताईंच्या सासरी काय तोंड दाखवू? सगळे हसतील. त्यापेक्षा तुम्ही म्हणत होतात तसा विकतचाच आणला असता.”

सासूनं खोक्यात वाकून पाहिलं.

“तेव्हा नुसतं पीठ दिसत होतं गं. आज सकाळी खोकं उघडलं, तर दारात खरा ट्रॅक्टर आल्यासारखं वाटलं. हात आपोआप कुंकवाकडे गेला.”

सुमनताईंनी पिशवीतली नानकटाई पुढं केली.

“चाक म्हणून चालते का बघ, बाळा.”

सुनेनं ती क्रीमवर दाबून बसवली. कुंकू पुसायला काढलेला रुमाल तिनं पुन्हा पर्समध्ये ठेवला.

“राहू दे. सांगेन, आमच्या आईंनी पूजा केलीय.”

“आणि एक चाक वेगळं कसं, असं विचारलं तर?” सासू म्हणाली.

“बाबांना फोन लावून देईन.”