भरतीची झोप

चहा घ्या, मग सांगते; पण हसलात तर कप काढून घेईन.

चिंचणीत मला दुपारची आडवी झालेलं कुणी पाहिलं नव्हतं. "निजते ती बाई कसली?" असं मीच सुनेला, हिराला, ऐकवायची. वलांडीच्या बांबूंवर वाळत घातलेल्या बोंबलांना तर तिला हातच लावू देत नसे.

त्या दिवशी पाठीनं दगा दिला. ओहोटीमुळं आमची होडी खाडीत कोरडी पडली होती. म्हटलं, कुणी बघायच्या आत तिच्यात जरा टेकू. जाग आली ती डुलत. पाळण्यात असल्यासारखं वाटलं. वर नुसतं आभाळ आणि सावकाश जाणारे बगळे. मग कळलं, भरती आलीय! होडी खुंट्याला बांधलेली म्हणून राहिली. चहूकडं पाणी, मला पोहता येत नाही, सूर्य खाली आलेला. बोंबलांवर दव पडलं तर आठवड्याची मेहनत कुजणार.

"हिरे! बोंबील!" मी ओरडले.

ती काठावरून म्हणाली, "कवाच काढले, आये!"

"कोरडे हायत ना?"

"हायत. आता पाणी उतरल्याबिगर तुमाला येता यायचं नाय. निजा!"

शिवी ओठांवर आली होती. पण होडी अशी हलत होती की मी निजलेच.

घरी येऊन बघते तर बोंबील माझ्याहून नीट रचलेले.

दुसऱ्या दुपारी हिरा वलांडीकडं निघाली, तशी मी तिच्या हातातली टोपली हिसकावली.

"कुठं चाललीस? जा होडीत, ओहोटी लागलीय. खुंट्याचा दोर मी बघते."