अप्पांनी भरलेली नारळाची गाडी

आमचा गेम बंद पाडला तो माझ्या वडिलांनी, अप्पांनी, खरंच सांगतो. मी आणि माझा मित्र बसू, दोन दिवसांत गेम बनवायच्या स्पर्धेत उतरलो होतो. क्लिक केलं की एक नारळ गाडीत पडायचा, खऱ्यासारखा उसळून घरंगळायचा. पन्नास झाले की मशीन घेता यायचं. ते नारळ टाकायचं आणि भरलेली गाडी पाठवायचंही.

सहाला गेम द्यायचा होता. पाचला अप्पांना खेळायला बसवलं. हुबळीच्या बाजारात नारळ विकण्यात जन्म गेलेला माणूस, एकेक नारळ टाकतच राहिला.

“अप्पा, मशीन घ्या की,” बसू म्हणाला.

“कशाला? हात आहेत की मला.”

गाडी पाठवणारं मशीनच नाही, त्यामुळं ती रिकामी होईना; चारशे नारळ एकदम घरंगळवताना लॅपटॉप हँग झाला. मशीनशिवाय कुणी खेळेल, हे आम्हाला सुचलंच नव्हतं. घाईघाईनं मी बदल केला, की गाडी फार भरली तर उलटेल आणि नारळ नाहीसे होतील. अप्पांना पुन्हा बसवलं. गाडी उलटली. अप्पांनी चष्मा काढला.

“भरली मी. पाडली कुणी?”

बसूनं लगेच माझ्याकडं बोट दाखवलं.

गेम वेळेत गेला. अप्पा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. बसूला मात्र त्यांनी स्वतः चहा करून दिला.