खिळ्याची रेघ

मुक्ताईचं दर्शन घेऊन जळगावच्या एसटीत बसले. मागच्या बाकावर बापलेक बोलत होते.

“जुनी विमानं दुरुस्त करायचं शिक्षण असं अर्ध्यावर टाकून येतं का कोणी, रत्ना?”

“नाना, माझा पत्रा पुन्हा भंगारात गेला. कापायच्या आधी मी खिळ्यानं रेघ मारली.”

“मग? पत्र्याच्या कोठ्या करताना मीच तसं शिकवलं तुला.”

“ज्वारीची कोठी उडत नाही, नाना. विमानाच्या पत्र्याला त्या ओरखड्यातून तडा जातो. खूण पेनानंच करायची असते.”

“मग कर की पेनानं.”

“हात आपोआप खिळ्याकडे जातो. तुमचाच हात आहे ना तो.”

“तेवढंच तर देता आलं मला, माय.”

“नाना, रडू नका.”

“जळगावला उतरलो की परत शिकायला जायची गाडी धर. आणि माझा हात विसर.”