केंदारीची रेंगाळलेली प्रत

—नाही हो दाएंग, दूरदृष्टी कसली! साहेब म्हणतात, म्हणू द्या. संध्याकाळी सत्कार आहे, म्हणून तर तुमच्या खुर्चीत बसलोय. कल्ले जरा नीट करा, फोटो निघणार. तर काय सांगत होतो — बोटीचं तिकीट इथे मकासरला निघालं की आमच्या मोठ्या यंत्रात नोंद होते, आणि तीच नोंद लगेच सुराबाया, बितुंग, केंदारी या बंदरांतल्या यंत्रांतही उतरते. एक यंत्र बुडालं तर दुसऱ्यात प्रत आहेच. मी छाती फुगवून सांगायचो — सगळीकडे तंतोतंत एकच, केसाचाही फरक नाही! आणि ईदच्या तोंडावर, सगळं गाव घरी निघालेलं, बोटी भरलेल्या, आमच्या साहेबांना साफसफाईची हुक्की आली. 'बासो, गेल्या वर्षीची तिकिटं मी पुसतो, मला येतं ते.' पुसली. यंदाची! — हसा, हसा, पण वस्तरा आधी बाजूला घ्या.

प्रती होत्या ना, म्हणताय? तीच तर गंमत! प्रती कसल्या आज्ञाधारक — मालकानं पुसलं की त्याही पुसून मोकळ्या. सुराबाया कोरं, बितुंग कोरं. खाली धक्क्यावर बाया पोरं कडेवर घेऊन उभ्या. मग आठवली केंदारी! तिकडची लाइन मेली रडकी, सगळं रेंगाळत पोचतं — म्हणजे पुसायचा हुकूमही अजून वाटेतच असणार! तिथल्या कारकुनाला, लाओदेला, फोन लावला. 'लाओदे, वायर उपट!' 'कुठली, भाऊ?' 'नेटची! विजेची नको रे!' तो म्हणतो, 'खिडकीसमोर ही गर्दी, तिकिटं थांबली तर लोक मलाच उपटतील.' पण उपटली बिचाऱ्यानं. शिव्या खाल्ल्या, कुणी चप्पल फेकून मारली, तरी वायर हातात धरून बसला. त्याच्याकडे जवळजवळ सगळी तिकिटं शाबूत सापडली, तीच परत आमच्या यंत्रात चढवली. लोक घरी पोचले.

मुद्दाम मागे ठेवली होती का? ठेवतात हो, शहाणी माणसं एक प्रत मुद्दाम काही तास मागे ठेवतात, असल्याच प्रसंगासाठी. साहेबांना वाटलं, मी त्यांतलाच. मी... नाही म्हणालो नाही. खरं सांगू? लाओदे किती दिवस ओरडत होता — 'भाऊ, आमच्याकडे तिकिटं उशिरा दिसतात, लोक भांडतात, दुरुस्त करा.' आणि मी आपला 'बघतो, बघतो'. आज माझ्या आळसाला हार घालणार आहेत, दाएंग! आळसालाही असं नशीब लागतं.

थांबा, फोन. लाओदेच की! — बोल रे. ...हो, संध्याकाळी. ...अरे, अभिनंदन कसलं करतोस! आणि एवढी शांतता कशी तिकडे, खिडकीवर नाहीस? ...घरी? ...काढलं? कामावरून? ...ऐन गर्दीत खिडकी बंद ठेवली म्हणून? अरे, पण मी सांगितलं होतं म्हणून — हे तू बोलला का नाहीस? ...माझा सत्कार बिघडेल म्हणून? ...सही कुणाची आहे कागदावर? ...आमच्या साहेबांची. बरं. ठेव. ठेव म्हणतो ना.

...

दाएंग, हे कापड सोडा. डावी बाजू राहिलीय? राहू द्या. साहेब आत्ता खोलीत एकटे असतील. एकदा गळ्यात हार पडला की माझं तोंड उघडायचं नाही, मी ओळखतो मला. आरसा कशाला दाखवताय? माहितीये कसा दिसतोय ते. सोडा!